फाटकापासून 51 मीटर

2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, पिझ्झा, शीतपेयं हद्दपार केली. 2020 च्या केंद्रीय नियमाने फाटकापासून 50 मीटरपर्यंत असल्या पदार्थांची विक्रीच रोखली. म्हणजे रत्नागिरीच्या पोराने वेफर्ससाठी 51 मीटर चालायचं, हाच शासनमान्य व्यायाम! पीटीचा तास गणिताने कधीच गिळलाय (पोर्शन राहिलाय ना). ‘कोकणात कुपोषण बघा, लठ्ठपणा मुंबई-पुण्याचा,’ असं कुणी म्हणेल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीतून पाचवीत येईतो देशातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2.1 वरून 3.4 टक्क्यांवर गेलं; खुरटलेली मुलंही त्याच पाहणीत आहेत. दोघांनाही नाचणी, उसळ आणि मैदानच हवं. पावसात चिखल होतो? व्हरांड्यात सूर्यनमस्कार घाला. तेवढ्या तिथल्या दुचाकी हलवा.