एकटेच आहात?

मोबाइल उघडला की पाठीवर सॅक टाकलेला एक तरुण आपल्याकडे बघून ओरडतो, 'फक्त पाच हजारांत आठ दिवस हिमाचल!' कुठं राहायचं, काय खायचं, कुणाला टाळायचं हे सगळं तो सांगतो. डोक्यावरून घिरट्या घालत त्याला टिपणारा ड्रोन कितीला पडला, तेवढं राहून जातं.

असो. ड्रोन जेवत नाही.

पूर्वी घरातून एकटाच निघून गेलेल्या माणसाला बैरागी म्हणत, नाहीतर कर्जबुडव्या. आता त्याला फॉलोअर मिळतात. घर सोडण्याची कारणं मात्र फारशी बदललेली नसावीत.

या देशात स्वस्तात हिंडणं अवघड नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. तो खिशात टाका आणि चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत लाल डब्यात हाडं खिळखिळी करून घ्या, कुणी अडवणार नाही. अडचण दिवे लागल्यावर सुरू होते. आवडेल तेथे झोप, असा पास अजून कुठल्याच महामंडळाने काढलेला नाही.

झोपायला लॉज लागतो. लॉजला काउंटर असतं. काउंटरमागे मॅनेजर असतो आणि मॅनेजरच्या मागे भिंतीवर तांबड्या ऑइल पेंटात लिहिलेलं असतं, 'एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही.'

मॅनेजर आधी तुमच्याकडे बघतो. मग तुमच्या मागे बघतो. मागे कुणीच नसतं. तिथेच तुमची केस कमकुवत होते.

बायको, पोरं, मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी, सोबत स्टोव्ह आणि भांड्यांचं पोतं, अशी बावीस माणसं दोन खोल्यांत कोंबायला याच मॅनेजरची काडीची हरकत नसते. उलट तो वरून जादा गाद्या देतो. भाडं लावून.

एकट्यालाच का नाही? कारण विचारा. तो आवाज खाली आणून सांगतो, 'साहेब, नंतर पोलिसांचं लफडं होतं.' म्हणजे एकटा आलेला माणूस पंख्याकडे बघणार, अशी त्याची खात्री. आता सांगा, सहाशेची खोली साडेचारशेला द्या म्हणून वीस मिनिटं हुज्जत घालणारा माणूस जिवावर उदार झालेला असतो का? ज्याला दीडशे रुपये वाचवायचे असतात, त्याला उद्याची काळजी असते.

दोघं आले तर 'लग्न झालंय का?' एकटा आला तर 'कुणीच नाही का?'

दोघांचं तरी बरं. अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहू नये असा काही कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलं. एकट्याने कोर्टात जायचं तर साक्षीदार कुठून आणायचा?

बरं, वाटसरूंची सोय करण्यात हा देश कधी मागे होता असंही नाही. शेरशहा सूरीने हमरस्त्यावर सराया बांधल्या. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट आणि धर्मशाळा उभ्या केल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः मात्र बाहेर उघड्यावर पडून राहिले. आज खराटा आणि मडकं घेऊन ते एकटेच एखाद्या भक्तनिवासाच्या खिडकीशी उभे राहिले असते, तर?

'बाबा, फॅमिली आहे का? आणि आधार कार्ड काढा.'

आधारची कथा तर और. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सावध केलं होतं की हॉटेलं, थिएटरं असल्या विनापरवाना खासगी ठिकाणी आधारची प्रत ठेवून घेता येत नाही. देशभर खळबळ उडाली. दोन दिवसांत सरकारने ते पत्रकच मागे घेतलं. लॉजवाल्याला यातलं काहीच कळलं नाही, कारण त्या दोन दिवसांतही तो झेरॉक्सच काढत होता.

परदेशी पाहुण्यांची गोष्ट याहून गोड. सरकार जाहिरातीत म्हणतं, 'अतिथी देवो भव.' आणि नियम म्हणतो, देव मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याचा फॉर्म भरून कळवा. छोट्या लॉजवाल्याला तो फॉर्म भरण्यापेक्षा 'नो फॉरेनर' म्हणणं सोपं वाटतं. मग देव बिचारा दिल्लीत पहाडगंजच्या गल्ल्यांत सॅक वागवत पुढच्या दारी जातो.

समजा, मिळाली खोली. पुढे?

चावीला अर्धा शेर वजनाचा पितळी बिल्ला. स्विचबोर्डावर अकरा बटणं. त्यातलं एक पंख्याचं, एक दिव्याचं, उरलेली आधीच्या मालकाच्या आठवणीखातर. उशी अशी की तिच्यावर टेकलेल्या प्रत्येक डोक्याचं तेल ओळखता यावं. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. सहाला गेलात तर 'अजून तापायचंय', साडेसातला गेलात तर 'संपलं.' मधल्या कुठल्या मिनिटाला ते खरोखर येतं, याचा शोध अजून लागायचा आहे. आरशावर मात्र आधीच्या सुवासिनीने चिकटवून ठेवलेली टिकली हमखास सापडते.

भाडं? सिंगलचं आणि डबलचं एकच. माणूस अर्धा वापरतो, पैसे पूर्ण भरतो आणि वर संशयितही ठरतो.

मधल्या काळात सरकारलाही या खोल्यांची आठवण झाली. हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी माफ होता. जुलै २०२२ मध्ये त्यावर १२ टक्के लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते पाचावर आले. दिल्लीत एवढी उलथापालथ झाली, पण काउंटरवरचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. 'बिलाचं सांगू की बिनबिलाचं?'

शहाणा माणूस या फंदातच पडत नाही. तो रात्रीच्या गाडीचं स्लीपरचं तिकीट काढतो. प्रवास होतो, मुक्काम होतो आणि सकाळी गावही बदललेलं असतं. देशातला सगळ्यात मोठा लॉज रेल्वेच चालवते, फक्त तिला ते ठाऊक नाही. मधला बर्थ नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे चेक-आउट सहाचं. खालच्या बर्थवरचे काका साडेपाचपासूनच बूट शोधायला लागतात, ती त्यांची रूम सर्व्हिस.

स्टेशनावर रिटायरिंग रूमही असते. स्वस्त, बऱ्यापैकी स्वच्छ, फलाटापासून चार पावलांवर. अट एकच, तिकीट कन्फर्म नाहीतर आरएसी हवं. वेटिंगवाल्याला वेटिंग रूम. तात्पर्य, स्टेशनात झोपायला जागा हवी असेल, तर गाडीत झोपायला जागा आधीच मिळालेली पाहिजे.

मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. माणसाने आडवं व्हायचं, दार लावून घ्यायचं, एवढीच ती जपानी खोली. बाहेरगावचे लोक कौतुकाने फोटो काढत होते. मुंबईकर शांत होता. एवढ्या जागेत त्याचा धाकटा भाऊ, वहिनी आणि फ्रिज राहतो.

आणि मग आलं हॉस्टेल.

२०१३ मध्ये जोधपूरला झॉस्टेलचं पहिलं हॉस्टेल उघडलं आणि बघता बघता मनालीपासून गोकर्णापर्यंत दुमजली पलंग लागले. इथे एकट्याला मज्जाव नाही, किंबहुना एकट्यावरच धंदा आहे. भिंतीवर बॉब मार्ली, गच्चीवर बीन बॅग, कोपऱ्यात उकुलेले. सहाशे रुपयांत एक बेड. स्वस्त वाटतं ना? खोलीत असे आठ बेड असतात. करा गुणाकार. त्या भाड्यात याच गावात बाथटब मिळाला असता.

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर पिढ्यान्‌पिढ्या शिकून कलेक्टर झाल्या. त्यांच्या गादीखालच्या ढेकणांना कुणी 'कम्युनिटी एक्स्पीरियन्स' म्हटलं नाही.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशन तर १९४९ पासून हेच करत आली आहे. पण तिथे सकाळी पीटी आणि रात्री कॅम्प फायर, तोही बिनाविस्तवाचा. अशाने आत्मशोध कसा व्हायचा?

नव्या हॉस्टेलातही पाटी आहेच, फक्त इंग्रजीत आणि गोड भाषेत. लोकल आयडी चालत नाही. म्हणजे जयपूरच्या माणसाला जयपुरात बेड नाही. घरी भांडून निघालेल्याने निदान जिल्हा ओलांडायचा. काही ठिकाणी वयाचीही अट असते. पन्नाशी उलटली की माणसाने आत्मशोध घरीच घ्यावा, असा त्यांचा सल्ला दिसतो.

स्वस्त मुक्कामाच्या जागा टिकत नाहीत, ही आणखी एक रड. हंपीला तुंगभद्रेच्या पलीकडे विरुपापूर गड्डी होती. भाताची शेतं, झोपाळे, शेदोनशेची झोपडी. जगभरचे सॅकवाले तिथे महिनोन् महिने पडून असत. बांधकामं बेकायदा असल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये केला आणि मार्चमध्ये बुलडोझर फिरले. विजयनगरचं साम्राज्य जिथे पडलं, तिथे पत्र्याचं गेस्ट हाउस किती दिवस टिकणार?

आता एकटी बाई. तिच्यासाठी तर सगळा देशच काळजी करायला बसलेला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकीट अर्धं, चौकशी दुप्पट. 'मिस्टर मागून येतायत का?' 'घरी माहितीये ना?' 'वडिलांचा नंबर लिहा.' वडील वारले म्हटलं तर भावाचा मागतात. स्वतःचा नंबर रजिस्टरात लिहिलेला असतो, पण तो रात्री अकराला 'मॅडम, पाणी पाहिजे का?' विचारायला लागतो.

काळजी असते हो. नाहीतर कोण विचारतं?

या सगळ्यात गुरुद्वारे तेवढे वेगळे. अमृतसरला जा, नाहीतर आपल्या नांदेडला. डोकं झाका, पंगतीत बसा, रात्रीची काही ना काही सोय होते. जात विचारत नाहीत, बायको विचारत नाहीत. इतकं चांगलं काही सापडल्यावर आपले व्हिडिओवाले गप्प बसणार? 'फ्री स्टे, फ्री फूड हॅक!' म्हणून त्याचे लाखभर व्ह्यूज झाले. लंगरच्या थाळ्या घासायलाही बसता येतं, हा हॅक मात्र एकाही व्हिडिओत नाही.

तेव्हा एकट्याने काय करावं? मुरलेल्या भटक्यांनी यावर तोडगा काढलाय. काउंटरवर खणखणीत आवाजात सांगायचं, 'मिसेस मागच्या गाडीने येतायत.' मॅनेजरचा चेहरा उजळतो. पंख्याची चिंता मिटते. चावी बिल्ल्यासकट पुढे येते. रात्री मिसेस आल्या नाहीत, तर गाडी लेट आहे म्हणायचं. रेल्वेवर कुणीही विश्वास ठेवतं.

फक्त जादा गादीचे दीडशे ॲडव्हान्स भरावे लागतात. मिसेसच्या आधार कार्डाची झेरॉक्स उद्या दिली तरी चालेल.