आवाज आहे, पण…

बंद पडलेल्या वस्तूंशी माझं बरं जमतं. त्यांचं काही आडपडद्याचं नसतं. बटण दाबलं, काही झालं नाही, विषय संपला. फ्यूज बघा, वायर बघा, नाहीतर सरळ दुरुस्तीला टाका. खरा छळ करतात त्या अर्धवट चालणाऱ्या वस्तू. पाचावर ठेवूनही दोनाच्या गतीने फिरणारा पंखा, करंगळीएवढ्या धारेने येणारा नळ. यांची तक्रार करायची तरी कोणत्या शब्दांत? मेकॅनिक येतो, बटण दाबतो आणि म्हणतो, "चालतोय की!" त्यावर आपल्याकडे उत्तर नसतं, कारण तो चालतच असतो.

या जमातीतला सगळ्यात बेरकी नमुना म्हणजे नवा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारा भाग, बसवल्यावर आवाज बसलेली इलेक्ट्रिक गिटार. सहाही तारा वाजतात, सगळे सूर जागच्या जागी असतात, फक्त जोर नाही. मालकाने नुकतेच चांगले पैसे मोजलेले असल्यामुळे पहिली संध्याकाळ तो स्वतःची समजूत घालण्यात काढतो. आवाज बारीक नाही, 'क्लिअर' आहे. दबलेला नाही, 'व्हिंटेज' आहे. दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्पवर संशय, मग कॉर्डवर, मग स्वतःच्या कानांवर. पूर्वी तरी खरंच एवढा मोठा आवाज येत होता का, इथपर्यंत गाडी येते. पिकअप बदलताना आधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, हे शहाणपण कुणालाच वेळेवर सुचत नाही.

माझा भाचा या सगळ्या पायऱ्या चढून गिटार घेऊन माझ्याकडे आला. एके काळी मी ट्रान्झिस्टर जोडायचो, त्या पुण्याईवर आमच्या नात्यात आजही मी इलेक्ट्रॉनिक्समधला तज्ज्ञ समजला जातो. "मामा, आवाज येतोय, पण शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा वाटतोय," तो म्हणाला. त्याच्या आईचं, म्हणजे आमच्या ताईचं, मत मी फोनवर ऐकलं होतं. "काही बिघडलेलं नाही रे. उलट आता कुठे ऐकवतंय जरा!"

अशा वेळी आधी साध्या गोष्टी बघाव्यात. कॉर्ड जॅकमध्ये पूर्ण गेलीय का? पिकअप तारांपासून फार खाली तर बसला नाही ना? तारा आणि पिकअप यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे फिरवले की पिकअप वर येतो आणि कधीकधी सगळं दुखणं तेवढ्यावर जातं. हावरटपणाने फार वर घेतला तर आतलं चुंबक तारांनाच ओढू लागतं आणि सूर डगमगतात. पिकअप अ‍ॅक्टिव्ह जातीचा असेल तर त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते; ती उतरली की आवाजही उतरतो.

मग सोल्डरिंग. व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटची पाठ धातूची असते आणि अर्थच्या वायरी तिच्यावर चिकटवतात. ती पाठ उष्णता नुसती पिऊन टाकते. छोट्या सोल्डरिंग आयर्नने तिथे टाका घातला की शिशाचा मणी वर गोल बसून राहतो, धरत नाही. चांगला टाका चकचकीत आणि कडेला पसरलेला दिसतो. न धरलेला करडा, खरबरीत. दुरुस्तीवाले त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात आणि निम्म्या रोगांचं खापर डोळे मिटून त्याच्यावर फोडतात. भाच्याचे टाके मात्र चकचकीत होते. मला थोडं वाईटच वाटलं, कारण माझ्या ज्ञानाचा मोठा साठा तिथेच संपत होता.

डिजिटल मीटर लावला. आठ किलोओहमच्या आसपास आकडा आला. भाच्याच्या दोन कॉइलवाल्या पिकअपला तो अगदी योग्य. चार आला असता तर एक कॉइल गळाली म्हणता आलं असतं, दोन आला असता तर दोन्ही कॉइल समांतर जोडल्या गेल्या असं म्हणता आलं असतं. आठ म्हणजे पेशंटचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि पेशंट तर समोर कण्हतोय.

इथे पिकअपची कुळकथा सांगायला हवी. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. तारेची जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये इवलीशी वीज उमटते. अडचण एवढीच, की ही कॉइल ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर, भिंतीतलं वायरिंग, सगळ्यांचंच ऐकते. म्हणून गिटार घुमते. अमेरिकेत हे घुमणं ६० हर्ट्झचं, आपल्याकडे ५०. हा ५० हर्ट्झचा सूर खालच्या 'जी'च्या जरा वर लागतो, धड जी नाही आणि जी-शार्पही नाही. म्हणजे घुमतं तेही बेसूर.

गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी यावर तोडगा काढला: एकाऐवजी दोन कॉइल. दुसरीतलं चुंबक उलटं आणि तिची जोडणीही उलटी. तारेचा आवाज दोनदा उलटतो, म्हणजे सुलट होतो आणि पहिल्यात मिळतो. घुमणं चुंबकाला ओळखत नाही. ते एकदाच उलटतं आणि पहिलीतल्या घुमण्याला खोडून टाकतं. हा हमबकर. १९५५ साली पेटंटचा अर्ज गेला, १९५९ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीच्या काळातल्या पिकअपच्या पोटावर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असायची, आणि आज त्या चिठ्ठीच्या पिकअपला लोक वेडी किंमत देतात. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापला, तोही या पिकअपचा नव्हे, तर गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा! मुद्दाम छापला की कारकुनी घोळ, यावर गिटारवाले अजून वाद घालतात. आपल्या सातबाऱ्याशी रोज झगडणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता या हमबकरमधल्या एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करा. काय होईल? तारेचा आवाज एकमेकाला खोडेल आणि घुमणं मात्र दुप्पट होईल. गोंगाट मारायला आणि गाणं राखायला बनवलेलं यंत्र तितक्याच इमानाने गाणं मारील आणि गोंगाट राखील. कॉइल दोन्ही ठणठणीत. एकाच दाराला एक भाऊ आतून रेटतोय आणि दुसरा बाहेरून. ताकद दोघांचीही पुरेपूर, दार जागचं हलत नाही. दोन्ही कॉइल तारेखाली वेगवेगळ्या जागी असल्यामुळे आवाज अगदी शून्य होत नाही. वरचा किनरा, नाकातला भाग तेवढा शिल्लक राहतो. आणि मीटरला यातलं काही कळत नाही, कारण वायर सुलटी असो की उलटी, तिचे ओहम तेच.

हे होतं रंगांमुळे. हमबकरमधून चार रंगीत वायरी निघतात, वर एक उघडी. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी वायर आवाजाची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडायची, हिरवी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल आवाजाची, काळी आणि पांढरी जोडायची, हिरवी अर्थला. पहिल्याचा नकाशा समोर ठेवून दुसऱ्याचा पिकअप जोडला की एक कॉइल बरोबर उलटी बसते. त्यात आपण लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, यावर वाढलेली माणसं. काळ्या वायरीतून गाणं येतं यावर मराठी वायरमनचा विश्वास बसणं अवघडच.

भाच्याने हेच केलं असणार असा मला दाट संशय होता, पण संशयाला पुरावा हवा. त्यासाठी मी माळ्यावरून काट्याचा जुना मीटर काढला. बायको म्हणाली, "तो अजून आहे?" आहे, आणि अशा कामात डिजिटलच्या थोबाडीत मारतो. मीटर पिकअपला जोडायचा, व्होल्टच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर ठेवायचा. एका कॉइलवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि पटकन उचलायचा. काटा किंचित उसळतो. मग तेच दुसऱ्या कॉइलवर. दोन्ही वेळा काटा एकाच बाजूला उसळला तर कॉइल एकदिलाने चालल्या आहेत. आमचा काटा एकदा उजवीकडे गेला, एकदा डावीकडे. भाच्याने ते पुन्हापुन्हा करून पाहिलं. त्याला पिकअपपेक्षा मीटरच जास्त आवडला असावा.

दोन टाके सोडवले, वायरी बदलल्या, पुन्हा लावले. राळेचा तो ओळखीचा धूर खोलीभर झाला. अ‍ॅम्प लावला आणि पहिल्याच झटक्याला कपाटाच्या काचा वाजल्या. घुमणंही गेलं. ताईला अर्थातच हे मी कळवलं नाही.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण मी बोलण्याच्या भरात पीटर ग्रीनचं नाव घेतलं. फ्लीटवुड मॅक हा बँड सुरू करणारा हा गिटारवादक. त्याच्या १९५९ सालच्या लेस पॉल गिटारमधल्या एका पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं होतं. खटका मधोमध ठेवला, दोन्ही पिकअप एकदम चालू झाले, की आवाज पोकळ, नाकातला आणि विलक्षण कासावीस यायचा. दोन पिकअप एकमेकांपासून लांब, म्हणून खोडाखोड आमच्याइतकी पुरती नाही. पण दोष त्याच घराण्यातला. त्या दोषावर जग फिदा झालं. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. ती दुरुस्त करायला मात्र कुणी मामा मिळाला नाही.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे आपण आत्ता जे काढलं, ते…"

तशी सोय असते. वर ओढलं की एक पिकअप उलटा होईल असं जोडता येणारं व्हॉल्यूमचं बटण मिळतं, पुश-पुल म्हणतात त्याला. आम्ही दोघं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने ५०० किलोओहमचं पुश-पुल पॉट काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "कशाला लागतंय?"

"आवाज बारीक करायला," भाचा म्हणाला.

"मग साधं घ्या ना," दुकानदार म्हणाला, "तेपण आवाज बारीकच करतं."