मामाच्या पाठीवर पॅराशूट

नागपूरच्या डोक्यावरून सगळा देश ये-जा करतो. दिल्लीहून चेन्नईला निघालेलं विमान आमच्या गच्चीवरच्या कुरड्यांवरून जातं, मुंबईहून कोलकात्याला निघालेलं शेजाऱ्यांच्या. 1949 साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली तेव्हा तर चार महानगरांची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आल्या वाटेनं परत फिरायची. पण एखाद्या नागपूरकराला वरून खाली उडी मारायची हुक्की आली, तर त्याला गाव सोडावं लागतं. सोनेगावला एकीकडे प्रवासी विमानं, दुसरीकडे वायुसेना. मधल्या हवेत माझ्या भाच्याला लोंबकळू द्या, असा अर्ज कोणाकडे करायचा? तेव्हा तो जातो हरियाणात, नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवर. अंतर हजार किलोमीटरच्या वर. ते तो मोटारसायकलनं कापतो, कारण त्याच्याकडे दुसरं वाहन नाही. आणि दुसरं वाहन नाही, कारण तो उड्या मारतो.

पोराचा पगार तसा बरा आहे. मिहानमध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. बरोबरीच्यांनी कार घेतल्या, फ्लॅट बुक केले. याच्याकडे अजून कॉलेजातली शंभर सीसीची गाडी. मानेवाड्याहून मिहान, मिहानहून घर, आणि आईनं हाक मारली की सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. रुपये मोजणं त्यानं कधीच सोडलं आहे. तो उड्या मोजतो. नवे बूट म्हणजे अमुक उड्या, दाताच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे तमुक उड्या. मी एकदा म्हटलं, "यवतमाळला एक मुलगी आहे, बघून येऊ." तो म्हणाला, "मामा, मुलगी बघायच्या खर्चात मी पृथ्वी बघून येतो."

त्याचं पॅराशूट जुनं घेतलेलं आहे, पण त्याची बडदास्त जावयाची. महिन्या-दोन महिन्यांनी ताईच्या हॉलमध्ये त्याची घडी घालायचा सोहळा होतो. सोफा व्हरांड्यात जातो, टीपॉय पलंगावर चढतो. निळं-पिवळं कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतं, त्याच्या दोऱ्या एकेक करून सरळ केल्या जातात, कापडाच्या निऱ्या करून ते गुंडाळलं जातं आणि मग आतली हवा काढायला भाचा त्याच्यावर गुडघे टेकून पालथा पडतो. शेवटी दोऱ्यांचे वेटोळे रबरबँडमध्ये अडकवायचे. एके दिवशी एक रबर तुटलं. ताई तत्परतेनं स्वयंपाकघरातून चटणीच्या पुडीचं रबर घेऊन आली. "घे, चांगलं जाड आहे." भाच्याचा चेहरा असा पांढरा पडला, की तसा तो दहा हजार फुटांवरसुद्धा पडत नसेल.

याच पोराच्या गाडीचा मागचा ब्रेक म्हणजे एक शिष्टाचार आहे. पाय दाबायचा आणि गाडीनं मनाशी विचार करायचा. चेन गळ्यातल्या माळेइतकी सैल. पॅराशूटचा सुटा धागासुद्धा तो भिंग लावून बघतो, गाडीबद्दल विचारलं, तर म्हणतो, "चालून राहिली ना!"

ताईचा विरोध अर्थात उडीलाच होता.

"काऊन रे, जमिनीवर तुले काय कमी पडून राहिलं?"

भाच्यानं आकडे काढले. अमेरिकेत 2023 साली छत्तीस लाखांच्या वर उड्या झाल्या, त्यात दहा माणसं दगावली. आपल्याकडे 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली चव्वेचाळीस टक्क्यांच्या वर दुचाकीवरची.

"तिकडे वर ट्रॅफिक नसंल," ताई म्हणाली. "आणि बोलत काय बसला? सांबार संपला, गाडीवर जाऊन आण. हेल्मेट कशाला घेतं, नाक्यापर्यंतच तं जायचं आहे." (त्याच वर्षी हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांवर माणसं गेली. त्यातली किती नाक्यापर्यंतच निघाली होती, याचा रकाना सरकारी अहवालात असायला हवा.)

शेवटी उपयोगी पडल्या त्या शीतल महाजन. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, 2400 फुटांवरून, उणे 37 अंश तापमानात. सरावाची उडी वगैरे भानगडच नाही. 2011 साली पद्मश्री. 2023 साली एव्हरेस्टच्या समोर 21,500 फुटांवरून. ताई हे सगळं निर्विकार चेहऱ्यानं ऐकत होती. मग भाच्यानं मोबाइलवर 2018 सालची थायलंडमधली उडी दाखवली, नऊवारी नेसून मारलेली.

ताईनं चष्मा लावला. "कासोटा सुटला नाही?"

"नाही."

"पदर?"

"जागेवर."

"कुठली म्हणाला ही?"

"पुण्याची."

आता पुण्याची बाई नऊवारीत उडी मारते आणि नागपूरचा मुलगा पँट घालून घरी बसतो, हे काही वैदर्भीय मातेला सोसण्यासारखं नव्हतं. या खेपेची परवानगी मिळाली. अट एकच: सोबत मामा जाईल, लक्ष ठेवायला. दहा हजार फुटांवरून सुटलेल्या माणसावर खाली उभ्या असलेल्या मामानं नेमकं काय लक्ष ठेवायचं, हे मी विचारलं. ताई म्हणाली, "तू असला की बरं वाटते."

निघालो जानेवारीतल्या एका पहाटे. गाडी भाचा चालवणार, म्हणजे पॅराशूट कोणाच्या पाठीवर, हे सांगायला नको. दहा-बारा किलोंचा ऐवज, वर प्रवासी बॅग, त्यावर पट्टे. "मामा, तीन गोष्टी सांभाळा," भाचा म्हणाला. "याला ऊन नको. नायलॉन असते, उन्हानं कमजोर होते. पेट्रोल, अ‍ॅसिड लागू देऊ नका. आणि कोणाले हँडल ओढू देऊ नका." मला काय लागू द्यायचं नाही, याबद्दल सूचना नव्हत्या.

कामठी, कन्हान, मनसर. देवलापारच्या पुढे पेंचचं जंगल. इथं महामार्ग उचलून धरला आहे, जनावरांना खालून जायला मोकळी वाट ठेवली आहे. पुढं मध्य प्रदेशात तर गाड्यांचे दिवे आणि आवाज जंगलात जाऊ नयेत म्हणून कडेनं भिंतीही उभारल्या आहेत. वाघाच्या झोपेचा इतका विचार केलेला पाहून मला गहिवरून आलं. माझ्या कमरेखालच्या भागाचा विचार मात्र कोणत्याच खात्यानं केलेला नव्हता. सिवनीला चहा घेताना मला बोटं आहेत हे बघून समजत होतं, जाणवत नव्हतं. लखनादौनला ती परत आली. नरसिंहपूरला ऊन चढलं, तेव्हा ढाब्यावर एकाच झाडाची सावली होती. ती पॅराशूटला मिळाली.

पेट्रोल पंपांवर तर आमची ताटातूट व्हायची. भाचा रांगेत, आणि मी पाठीवर बोजा घेऊन पन्नास पावलं दूर, हवा भरायच्या मशीनपाशी. सागरच्या पुढच्या पंपावर एका पोरानं मला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "बाबूजी, घर से निकाल दिया क्या?"

मुक्काम झाशीला करायचा होता. उत्तर प्रदेशात शिरल्यावर एका नाक्यावर हवालदारानं हात केला. बॅगेत काय? पॅराशूट. हे उत्तर त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आलं असावं. त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी चेन उघडली. उजव्या पट्ट्यावर लाल कापडी गादीसारखं हँडल, डाव्या पट्ट्यावर चकचकीत धातूचं. जगातल्या कुठल्याही माणसाचा हात त्या धातूच्या हँडलकडे आपोआप जातो, साहेबांचाही गेला.

"सर, नको!" भाचा मराठीत ओरडला. मग हिंदीत समजावलं, की ते राखीव पॅराशूटचं आहे. ओढलं की स्प्रिंगवाली लहान छत्री उसळून तोंडावर येते, मागून उरलेलं सगळं बाहेर, आणि मग ते परत भरायला परवानावाला माणूस शोधावा लागतो. साहेबांनी हात मागं घेतला, पण विषय त्यांना भलताच आवडला. खुर्ची मागवली. मला मात्र उभं ठेवलं. मी अजून मुद्देमालात मोडत होतो.

"अगर नहीं खुला तो?"

"सर, लाल खींच के उसको फेंक दो, फिर दूसरा खोलो."

"आदमी बेहोश हो गया तो?"

"अंदर छोटा कंप्यूटर है. साढ़े सात सौ फुट तक भी जोर से गिर रहे हो, तो खुद खोल देता है."

"वाह! और किसने देखा कि सब ठीक लगा है?"

"तीन बार देखते हैं सर. पहनने से पहले, जहाज में चढ़ने से पहले, कूदने से पहले. अमेरिका में तो राखीव... रिजर्व वाला हर 180 दिन में खोल के फिर से पैक कराना पड़ता है, कूदो या मत कूदो."

साहेब प्रसन्न झाले. उठले, गाडीला एक फेरी मारली, मागच्या ब्रेकवर बूट ठेवला. बूट खाली गेला, गेला, आणि रस्त्याला टेकला.

"और ये?" साहेब म्हणाले.

भाचा काहीच बोलला नाही. झाशीत हॉटेल शोधायच्या आधी आम्ही मिस्त्री शोधला. ब्रेकचे लायनर, चेन आणि क्लचची वायर मिळून साहेबांच्या कृपेनं भाच्याची एक उडी कमी झाली, असं तो रात्री पांघरुणातून पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरपासून धुकं. चंबळ धुक्यात, धौलपूर धुक्यात. एवढं मोठं नाव असलेल्या नदीचा नुसता पूल दिसला. आग्र्याला भाच्यानं गाडी हळू केली आणि हात जोडले. मला वाटलं ताजमहाल आला. तो म्हणाला, "मामा, सैन्यातले पॅराट्रूपर इथं शिकतात. रेचल थॉमसनी 1979 मध्ये पहिली उडी इथंच मारली." भारतातल्या या पहिल्या महिला स्कायडायव्हर; नमस्कार योग्यच होता. पण कुठल्या दिशेला केला, ते धुक्यात त्यालाही सांगता आलं नसतं. ताज होता तिथंच असणार. भरतपूर, अलवर करत संध्याकाळी नारनौलला पोचलो, तेव्हा मी गाडीवरून उतरलो नाही. मला उतरवण्यात आलं.

नारनौलमध्ये शेरशाह सुरीच्या आजोबांची कबर आहे, देखणी, दगडी. ज्या नातवानं पुढं बंगालपासून वायव्येपर्यंत सडक बांधली आणि वाटेत सराया उभ्या केल्या, त्याचे हे आजोबा. मी तिथं मनापासून डोकं टेकवलं. दर दोन कोसांवर सराय असावी, असं ज्याला वाटलं त्याला प्रवाशाची कंबर कळत होती.

धावपट्टीवर दोन सकाळी नुसतं बसून काढल्या. आधी धुकं उठेना, धुकं उठलं तर वारा. शिकाऊ उडीवाल्यांसाठी अमेरिकन नियम असा, की जमिनीवर वारा ताशी चौदा मैलांच्या वर, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरच्या वर, तर उडी नाही. आमचा भाचा आता शिकाऊ राहिलेला नाही, पण तिथले प्रशिक्षक वारा दाखवणाऱ्या कापडी मोज्याच्या शेपटीकडे बघून मान हलवत आणि हाही शहाण्यासारखा खाली बसे. नागपूरपासून इथपर्यंत प्रत्येक ट्रकनं आम्हाला याच्या दुप्पट वारा देऊन रस्त्याच्या कडेला नेऊन सोडलं होतं, तेव्हा कोणी मान हलवली नव्हती.

तिसऱ्या दिवशी जमलं. मागच्या खुर्च्या काढलेल्या लहानशा विमानात पोरं एकमेकांच्या पायांत पाय घालून बसली. तीन तपासण्या मी मोजल्या. विमान घरघरत वर गेलं, ठिपका झालं, ठिपक्यातून बारके ठिपके सुटले. अर्धा मिनिट ते ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येत होते म्हणे. खालून मात्र ते आहेत तिथंच दिसतात. या अर्ध्या मिनिटात मी नेमून दिल्याप्रमाणे लक्ष ठेवलं. मग रंग उघडले. निळं-पिवळं उघडलं. मी ताईला फोन लावला.

"उघडलं," मी म्हटलं.

"रबर कोणतं लावलं होतं?" ताईनं विचारलं.

तेवढ्यात वारा फिरला. बाकीचे मैदानात उतरले. आमचं निळं-पिवळं कुंपणावरून, बाभळींवरून पलीकडच्या मोहरीच्या शेतांत दिसेनासं झालं. सगळे म्हणाले, ठीक उतरला, येईल चालत. पण ताईचा फोन चालू होता. मी गाडीला किक मारली आणि बांधाबांधानं निघालो. नवा ब्रेक इतका कडक होता, की शेताच्या कडेला थांबायचं होतं त्याच्या मी बराच अलीकडे थांबलो.

भाचा फुललेल्या मोहरीत छातीपर्यंत उभा, हातांत कापडाचा ढीग, चेहऱ्यावर ब्रह्मानंद. बांधावर एक म्हातारे शेतकरी, पागोटं, काठी. मी घाबरत म्हटलं, "बाबाजी, माफ करना, ये ऊपर से..."

"आते रहते हैं," म्हातारे म्हणाले. त्यांनी भाच्याकडे पाहिलंही नाही. काठीनं गाडीच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवलं. "ये कहाँ की है?"

"नागपुर."

"गाड़ी में चढ़ा के लाए? रेल में?"

"नहीं. इसी पर आए."

आता ते बांधावरून खाली उतरले. दहा हजार फुटांवरून पडलेल्या माणसाला वळसा घालून गाडीपाशी आले, सीटवर हात फिरवला, टायर दाबून पाहिले, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नागपुर से. इस पर. दो जने?"

"दो जने और ये," मी मोहरीतल्या ढिगाकडे हात केला.

म्हातारे बराच वेळ विचारात पडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "देती कितना है?"

"साठ," भाचा मोहरीतून ओरडला.

"झूठ," म्हातारे म्हणाले.