फेरेटांची थकबाकी

गायीची सेवा केली की पुण्य मिळतं. कुत्र्याची केली की शेपटी हलते. मांजराची केली तर मांजर काही देत नाही, पण 'मांजरवेडा' म्हणून समाजात एक नाजूक, थोडीशी साहित्यिक प्रतिष्ठा पदरात पडते. फेरेटची सेवा करणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीही येत नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नकोशा झालेल्या फेरेटांसाठी निवारे आहेत. त्यातले बरेचसे कुणाच्या तरी राहत्या घरातच, तळघरात नाहीतर मागच्या खोलीत चालतात. तिथे सुट्टीच्या दिवशी चांगली शिकलीसवरलेली, पोटापाण्याला लागलेली माणसं येतात, पिंजरे घासतात, झोळ्या धुतात, नखं कापतात, कानातला तांबूस मळ पुसून काढतात आणि संध्याकाळी अंगाला असा दर्प घेऊन निघतात, की बसमधली शेजारची जागा आपोआप रिकामी व्हावी. पैसे मिळत नाहीत. गणेशोत्सवात दोर धरणाऱ्या स्वयंसेवकाला निदान छातीवर बिल्ला मिळतो. इथे बिल्ला दिलाच, तर तो फेरेट पळवून नेईल. अशा माणसांना कुणी विक्षिप्त म्हणतं, कुणी दयाळू म्हणतं, आणि दयाळू म्हणणाऱ्यांच्या आवाजातही 'बिचारे' असा सूर असतोच. माझ्या मते दोन्ही नावं चुकीची आहेत. ही माणसं एक फार जुनी थकबाकी चुकती करताहेत. उधारी फेडायला निघालेल्या माणसाला आपण विक्षिप्त म्हणत नाही, आणि दयाळू तर मुळीच म्हणत नाही.

थकबाकी कुणाची, हे कळायला आधी फेरेटची ओळख हवी. मराठी माणूस फेरेट पाहिल्यावर हमखास 'अरे, मुंगूस!' म्हणणार. त्यात त्याचा दोष नाही. लांबुळकं अंग, आखूड पाय, निमुळतं तोंड आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी उलथंपालथं करून आल्याचा भाव. पण मुंगसाचं कूळ वेगळं. (जाता जाता, मुंगसाचं इंग्रजी नाव मराठीवरूनच गेलेलं आहे. निदान त्या व्यवहारात आपण घेणेकरी आहोत.) फेरेटचं कूळ पाणमांजराचं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमध्ये मासे मारणारं पाणमांजर हे त्याचं आपल्याकडचं चुलत घराणं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, त्यातून फेरेट झालं. इंग्रजी नाव लॅटिनवरून आलेलं, अर्थ 'छोटा चोर'. इतकं सार्थ नाव फार थोड्यांना लाभतं. मोजे, किल्ल्या, खोडरबर, रिमोट, जे ओढता येईल ते सगळं ओढून नेऊन सोफ्याखाली नाहीतर कपाटामागे साठवायचं, हा त्याचा स्वभाव. चोरलेलं ते विकत नाही, वापरत नाही, नुसतं जमवतं. दिवाळीच्या सफाईत आपल्याच माळ्यावरून काय काय निघतं हे आठवून पाहावं, म्हणजे या प्राण्याविषयी आपुलकी वाटू लागते.

आता याचं सर्व्हिस बुक उघडू. पहिली नोंद रोमन काळातली. स्पेनच्या पूर्वेला बेलिआरिक बेटांवर सशांनी असा धुमाकूळ घातला, की शेतं बसली, आणि तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्य मागितलं, असं रोमन लेखक प्लिनी लिहून ठेवतो. सशांविरुद्ध सैन्य! सैन्यापेक्षा स्वस्त उपाय स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने नोंदवला आहे: आफ्रिकेहून आणलेला एक लांबट शिकारी प्राणी, तोंडाला मुसकं बांधून सशाच्या बिळात सोडायचा. हा प्राणी म्हणजे फेरेटच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यातल्या मुसक्याकडे लक्ष द्यावं. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात ते त्याने दाणे खाऊ नयेत म्हणून. फेरेटला बांधत ते त्याने ससा खाऊन बिळातच ताणून देऊ नये म्हणून. म्हणजे कामाच्या पहिल्याच नोंदीत पगार बंद. ही पद्धत पुढे युरोपभर शेकडो वर्षं चालली. बिळाच्या तोंडाशी जाळं, आत फेरेट, बाहेर धनी. ससा बाहेर पडला की धन्याच्या हंडीत, आणि फेरेट परत पेटीत.

दुसरी नोंद वैद्यकातली. 1933 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा काढला तो फेरेटमध्ये. तापाने फणफणलेल्या माणसांच्या घशातलं पाणी इतर प्राण्यांना देऊन काही होत नव्हतं, फेरेटला दिल्यावर ते शिंकू लागलं. माणसासारखीच सर्दी, माणसासारखाच ताप, आणि अंगात आलेली तीच मरगळ. पुढे 1936 मध्ये एका आजारी फेरेटने प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाच्या तोंडावरच शिंक दिली आणि त्याला फ्लू झाला. माणसाने दिलेलं एवढं चोख परत केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. आजही दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे ठरवताना फेरेटांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा आधार घेतला जातो. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमधले कुणी जोशीकाका ऑक्टोबरात बाही वर करून जी सुई टोचून घेतात, तिच्यामागे कुठेतरी एक शिंकणारं फेरेट उभं आहे. काकांना त्याची कल्पना नाही. फेरेटला तर नाहीच नाही.

तिसरी नोंद मला सगळ्यांत आवडते, कारण ती अणुविज्ञानातली आहे. 1971 साली शिकागोजवळ, आज फर्मीलॅब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत प्रचंड कणत्वरक उभा राहत होता. त्याच्या अरुंद नळ्यांमध्ये धातूचा कीस अडकून बसायचा आणि तो काढायचा कसा, हे पदार्थविज्ञानातल्या मोठमोठ्या डोक्यांना सुचेना. शेवटी 35 डॉलर देऊन एक फेरेट आणलं. तिचं नाव फेलिशिया. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून ती नळीच्या या टोकातून शिरायची आणि त्या टोकातून निघायची. मग त्या दोरीला फडकं बांधून नळी पुसून काढायची. मुख्य वर्तुळाच्या चार मैलांच्या नळीत जायला मात्र तिने साफ नकार दिला. पुढे तिच्या जागी यंत्र आलं. विश्वाचं रहस्य उलगडणाऱ्या यंत्राची झाडलोट एका चोराच्या नावाच्या प्राण्याने केली, आणि नोबेल पारितोषिकाच्या कुठल्या भाषणात तिचा उल्लेख झाल्याचं मला तरी ठाऊक नाही. यॉर्कशरमध्ये दोन फेरेटं विजारीत सोडून, विजारीचे पाय घोट्याशी बांधून कोण किती वेळ उभा राहतो याच्या स्पर्धा होत असत, आणि 1981 मध्ये एका गृहस्थाने 5 तास 26 मिनिटांचा विक्रम केला, ही नोंद मी 'करमणूक, जादा काम' या सदराखाली घालतो. विक्रम गृहस्थाच्या नावावर लागला. आतल्या दोघांची नावं कुणी विचारली नाहीत.

इतक्या नोकरीनंतर निवृत्तीची सोय काय, तर पाळीव प्राण्यांचं दुकान. अमेरिकेत बहुतेक फेरेटं मोठ्या पैदास केंद्रांत जन्मतात, काही आठवड्यांची असतानाच त्यांची नसबंदी होते आणि शेपटीखालच्या गंधग्रंथी काढल्या जातात. तिथून काचेच्या पेटीत, पेटीतून एखाद्या मुलाच्या वाढदिवसाला. मुलाचा उत्साह साधारण पुढच्या वाढदिवसापर्यंत पुरतो. फेरेट मात्र सहा-आठ वर्षं जगतं. मग कळतं, की ग्रंथी काढल्या तरी अंगाचा वास जात नाही, आणि वास जावा म्हणून वरचेवर आंघोळ घातली तर कातडी जास्तच तेल सोडते आणि वास वाढतो. मग पशुवैद्याचं बिल येतं. तीन-चार वर्षांनी अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार होऊन शेपटी टकली पडते. फार लवकर केलेल्या नसबंदीशी त्याचा संबंध पशुवैद्य जोडतात. किंवा स्वादुपिंडात गाठ होऊन रक्तातली साखर उतरते. आपल्याकडे साखर वाढते, यांची उतरते, एवढाच फरक. औषधाच्या वेळा दोघांनाही चुकवून चालत नाहीत. किंवा मालकाची बदली कॅलिफोर्नियात होते, जिथे फेरेट पाळणं बेकायदा आहे. अशा एखाद्या दिवशी घरातलं सर्वांत चपळ माणूस निवाऱ्याच्या दारात पेटीतून येऊन पोचतं.

तिथे स्वयंसेवक काय करतो, ते मी थकबाकीच्या हप्त्यांसारखं पाहतो. नखं कापायची तर पोटावर सॅल्मनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. फेरेट ते चाटण्यात इतकं गर्क होतं, की वीस नखं कापून होईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. (सरकारी कर याच तत्त्वावर वसूल होतात.) फारच वळवळ केली तर मानगूट धरून अलगद उचलायचं. एरवी मानगूट पकडल्यावर जगातला कुणीही घाबरतो. फेरेट सैल पडतं आणि भलीमोठी जांभई देतं. आजाऱ्यांसाठी एक पातळ पेज असते, तिला त्या मंडळींत 'बदकाचं सूप' म्हणतात, आणि तिच्यात बदक औषधालाही नसतं. पोटातून अन्न तीन-चार तासांत पार होत असल्यामुळे भरवणं सारखंच चालू. आणि झोप! दिवसाचे चौदा ते अठरा तास. काही वेळा ती इतकी गाढ असते, की हलवलं, उचललं, उलटं धरलं तरी मान लोंबतच राहते, आणि नवा स्वयंसेवक रडवेला होऊन पशुवैद्याला फोन लावतो. पलीकडून 'थोडं थांबा' एवढंच सांगतात, आणि ते बरोबर असतं.

यावर आक्षेप येणारच. पहिला हिशेबी: काम केलं कुठल्या तरी रोमन काळातल्या खापरपणजोबाने, आणि खायला बसलेत हे! हा आक्षेप महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. पराक्रम एका पिढीने गाजवायचा आणि वतन पुढच्या दहा पिढ्यांनी खायचं, ही पद्धत आपण काही शतकं मन लावून चालवली, आणि वतनं गेली तरी आडनावं अजून मिरवतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: माणसं उपाशी असताना या प्राण्याच्या पोटावर सॅल्मनचं तेल कसलं ओतता? दयेचा हिशेब मांडला तर याला उत्तर नाही, कारण दयेत रांग लावावीच लागते आणि माणूस रांगेत पुढे असतो. म्हणूनच मी हे दयेच्या खात्यात टाकत नाही. वाण्याची उधारी आणि दानधर्म ही वेगळी खाती. 'जगातलं दारिद्र्य संपलं की तुझे पैसे देतो' असं वाण्याला सांगून पाहा.

तिसरा आक्षेप न्यूयॉर्कच्या महापौरांचा. 1999 मध्ये शहरात फेरेट पाळण्यावर बंदी असल्याची तक्रार करणाऱ्या एका फेरेटप्रेमीला तेव्हाचे महापौर रुडी जुलियानी यांनी रेडिओवरच सुनावलं, की या प्राण्याची एवढी काळजी करणं हा आजार आहे, तू उपचार घे. 2015 मध्ये आरोग्य मंडळापुढे बंदी उठवण्याचा प्रस्ताव आला आणि तोही फेटाळला गेला. हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत मात्र फेरेट कायदेशीर. आजार नदी ओलांडल्यावर जडतो किंवा जातो, अशी दुसरी व्याधी वैद्यकाला ठाऊक नसावी.

चौथा आक्षेप मात्र हसून सोडता येत नाही. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांच्या बंदोबस्ताला हजारो फेरेटं सोडली. सशांपेक्षा तिथले न उडणारे पक्षी मारायला सोपे, हे फेरेटांनी ओळखलं, आणि आज तिथे त्यांची गणना शत्रूंत होते. 2002 पासून त्यांची विक्री आणि पैदास बंद आहे. ती बंदी मला योग्य वाटते, आणि पक्ष्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण तिकीट काढून फेरेटं तिथे गेली नव्हती. ती बदलीवर पाठवली गेली होती, तीही धन्याच्या सहीने. गोपनीय अहवालात शेरा वाईट पडला म्हणून आधीच्या नोकरीचा पगार बुडत नाही. आणि 'पाळलेल्यांना रानात सोडून द्या, निसर्ग बघून घेईल' असं सुचवणाऱ्यांनी हाच न्यूझीलंडचा धडा पुन्हा वाचावा. सोडलेलं फेरेट एकतर दोन-चार दिवसांत भुकेने, उन्हाने मरतं, नाहीतर जगून दुसऱ्या कुणाला तरी मारतं.

शेवटचा आक्षेप आतला आहे, आणि तो स्वयंसेवकांच्या चेहऱ्यावरच दिसतो. झोपेतून उठलेलं फेरेट मजेत आलं की पाठीची कमान करतं, तोंड उघडं टाकतं, आडव्या उड्या मारत मागे-पुढे नाचतं, खुर्चीच्या पायावर आपटतं, पडतं, उठतं, आणि सगळा वेळ घशातून कोंबडीसारखा 'डूक डूक' आवाज काढतं. हे पाहून हसू न आवरलेला माणूस मागचा सगळा दर्प विसरतो. मग थकबाकी कसली, ही तर करमणूक झाली! मला हा युक्तिवाद पटत नाही. फळाची अपेक्षा ठेवू नये असं आपल्याला शिकवलेलं आहे. आलेलं फळ परत पाठवावं असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. उधारी फेडताना वाण्याने पोराच्या हातावर गूळ ठेवला तर उधारी फिटली नाही, असं कुणी म्हणेल का?

तेव्हा परदेशी असाल, जवळ असा निवारा असेल आणि शनिवार मोकळा असेल, तर जरूर जा. मोजे जुने घाला, कारण ते परत मिळणार नाहीत. किल्ल्या गाडीतच ठेवा. फक्त नाक वाहत असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. आपला फ्लू त्यांना लागतो.