ओळ संपू दे

लोकरकाकू प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. आमच्या वाट्याला आलेल्या काकू डोंबिवलीत राहतात. म्हणजे थंडी वर्षातून मोजके आठ-दहा दिवस, आणि तीही पहाटे दूध येतं तेवढ्याच वेळात पडते, अशा गावात. पण काकूंच्या सुया बारा महिने चालू. मे महिन्यात लाइट गेलेली असते, आपण वर्तमानपत्राने वारा घेत असतो आणि काकूंच्या मांडीवर चार-प्लायची जाड लोकर पसरलेली असते. "काकू, उकडत नाही का हो?" असं विचारलं तर म्हणतात, "उकडतंय ना. पण हातांना कुठे उकडतं?"

त्यांच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "थांबा, ओळ संपू दे!" पुरुषाच्या स्वेटरची पाठ असली तर सुईवर सव्वाशेच्या आसपास टाके असतात. म्हणजे कुरिअरवाल्याने पायरीवर टेकायला हरकत नाही. गॅसवाला तर सिलिंडर दारात आडवा करून त्यावर बसतोच. काकांनी चहा मागितला तरी ओळ संपायची असते, मुलाचा फोन आला तरी असते, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली तरीही असते. त्या घरातल्या वरणाला जो किंचित करपट वास असतो, त्याची पाककृती ही अशी आहे. ओळ मध्येच सोडली तर परत हातात घेताना कोणत्या बाजूने निघालो होतो ते कळत नाही, आणि सुईवरून चार टाके घसरले तर खाली शिडी उतरत जाते, हे काकूंचं म्हणणं खरं आहे. फक्त ते कुकरला समजत नाही.

काकूंची नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत झाली, पण कारकीर्द झाली लोकलच्या लेडीज डब्यात. त्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, संक्रांतीचं हळदीकुंकूही होतं. काकूंनी तिथे चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून निम्म्या डब्याला सुलट-उलट शिकवलं. त्यांना अजून किलोमीटरमध्ये अंतर सांगता येत नाही. डोंबिवली ते व्हीटी म्हणजे दीड इंच. गाडी कुर्ल्याला रखडली तर दोन. एका पावसाळ्यात गाडी रुळांवरच्या पाण्यात कित्येक तास उभी राहिली. बाकीच्या बायका काळजीने अर्ध्या झाल्या, काकूंचे दोन्ही मुंढे पुरे झाले. "तो पाऊस फार कामाचा होता," असं त्या अजूनही म्हणतात.

विणकामाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, की आधी चार इंचांचा चौकोनी नमुना विणा, इंचात किती टाके बसतात ते मोजा आणि मगच स्वेटरचे टाके घाला. काकू ते पान उलटतात. "नमुने नवशिक्यांनी विणावेत. मला माणूस बघितला की माप कळतं." त्यांना माप कळतं हे खरंच आहे. समोरचा बोलत असतो आणि काकूंची नजर त्याच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाऊन येते. ऐकणाऱ्याला वाटतं, किती लक्ष देऊन ऐकतात! पण माणसाचं माप कळलं तरी स्वतःच्या हाताचं कळत नाही, आणि हात मनावर चालतो. काळजी असली की टाका आवळला जातो, मालिका रंगली की सैल पडतो. काकांच्या करड्या स्वेटरची उजवी बाही मुलाच्या दहावीच्या निकालाच्या आठवड्यात विणली गेली. तिच्यात हात घालायला काकांना पावडर लावावी लागते. डावी बाही निकालानंतर महाबळेश्वरला झाली. तिच्यात काकांचा हात जाऊन वर किलोभर स्ट्रॉबेरी मावतील.

लोकर नेहमी कमी पडते. ती आधीच पुरेशी घ्यावी, कारण एका घाण्यात रंगलेल्या लोकरीचा नेमका रंग पुढच्या घाण्यात उतरत नाही, म्हणून तर गुंड्याच्या पट्टीवर लॉट नंबर छापतात, हे काकूच इतरांना बजावतात. स्वतः घेताना मात्र "होईल पुरेशी" म्हणून दोन गुंडे कमीच घेतात. मग ती पट्टी पर्समध्ये घालून दादर पालथं घातलं जातं. दुकानदार पट्टी उजेडात धरतो, मान हलवतो आणि म्हणतो, "काकू, हा लॉट गेला. हा घ्या, सेम टू सेम." सेम टू सेम लोकरीचा स्वेटर ट्यूबलाइटखाली एकरंगी दिसतो आणि गच्चीत गेला की दुरंगी होतो. कोणी बोट दाखवलंच, तर "डिझाइन आहे ते" हे उत्तर तयार असतं. काकूंच्या घरात पट्ट्यापट्ट्यांचे जेवढे स्वेटर आहेत, त्यांतला एकही पट्ट्यांचा म्हणून सुरू झालेला नाही.

हिशेब काकांकडे. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला स्वेटरांची दुकानं मांडतात, तिथे काका हळूच किंमत विचारून येतात. घरी येऊन जाहीर करतात, की तयार स्वेटर जेवढ्याला मिळतो तेवढ्याची आपल्याकडे नुसती लोकरच येते. यावर काकूंचा एकच शब्द असतो, "मशीनचा!" मशीनचं काही त्यांना चालत नाही. क्रोशालाही त्या जरा दुरूनच नमस्कार करतात. २०१६ साली चेन्नईत देशभरातल्या बायकांनी मिळून अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची चादर केली आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. ती बातमी मी कौतुकाने वाचून दाखवली. काकू ओळ संपेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "क्रोशा ना? एकच सुई. टाका सुटायची भीती नाही, त्यात काय!"

सुईची मात्र त्यांना सवय आहे ती जुन्या सरळ सुयांची. नंबर मोठा तेवढी सुई बारीक, हे उलटं गणित त्यांना पाठ आहे. त्यामुळे नवव्या नंबरची जोडीदारीण सोफ्याच्या फटीत गेली, की त्या एका हातात नऊ आणि एका हातात दहा घेऊन खुशाल पुढे जातात. (नऊ नंबर नंतर काकांना सापडते, बसताना.) मुलाने न्यूजर्सीहून बांबूची गोल सुई आणली. मधे वायर, दोन टोकांना सुया, शिवण घालायला नको. काकू यूट्यूबवर कोण्या रशियन बाईंचे व्हिडिओ बघून ती शिकल्या. रशियनचा गंध नाही, पण बाई काय म्हणतात ते काकू आम्हाला समजावून सांगत. "ही म्हणतेय, इथे घाई करू नका." घाई कोणी केली माहीत नाही, पण गोल जोडताना टाक्यांना एक पीळ पडला आणि चांगलं वीतभर झाल्यावर तो लक्षात आला. असा पीळ नंतर निघत नाही, सगळं उसवावंच लागतं. खालच्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त प्राध्यापक तो प्रकार बघून हरखून गेले. "वहिनी, उसवू नका हो! ही मोबियसच्या पट्टीसारखी दिसतेय. त्या पट्टीला एकच बाजू असते!" काकू म्हणाल्या, "एकच बाजू असेल तर भाऊजी, अस्तर कुठून लावू?"

न्यूजर्सीला एक पुलओव्हर गेलाही होता. शुद्ध लोकरीचा, छातीवर दोन वेण्या, काकूंच्या हातून वेळेत पुरा झालेला. सूनबाईंनी तो प्रेमाने गरम पाण्यात मशीनला लावला आणि वर ड्रायरमध्ये टाकला. खऱ्या लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आळून नमदा होतो. पुलओव्हर चार वर्षांच्या नातवाच्या मापाचा होऊन बाहेर आला. व्हिडिओ कॉलवर सूनबाई रडायच्या बेतात होत्या. काकूंनी नातवाला स्क्रीनसमोर उभा केला, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, खांद्यात बरोब्बर बसलाय की! रडतेस काय?" त्या दिवसापासून परदेशी फक्त ॲक्रिलिक जातं.

वेळेत होणाऱ्या त्यांच्या वस्तू म्हणजे टोपडं, अंगडं आणि मोजे. बाळंतविड्याची तारीख डॉक्टरांनी दिलेली असते, ती काकूंना पुढे ढकलता येत नाही. रंग ठरलेला, पिवळा नाही तर पांढरा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा, काकूंचा पिवळा रंग त्याच्या आधीपासूनचा. "काय येईल ते येईल, त्याला टोपडं लागणारच," असं त्या म्हणतात. आमच्या इमारतीत जन्मलेल्या प्रत्येकाचा पहिला फोटो पिवळा आहे. त्यातले काही आता इंजिनिअर झाले आहेत, दोघांना टक्कल पडलंय. काकू त्यांनाही जिन्यात अडवून विचारतात, "टोपडं ठेवलंयस ना रे?"

मोठ्यांच्या स्वेटरांचं मात्र तसं नसतं. ते संक्रांतीचा वायदा करून सुरू होतात आणि गळ्याची पट्टी होईपर्यंत होळी जळाली, थंडी पळाली. त्यात काकूंची नजर वाईट. बारा इंच विणून झाल्यावर त्यांना खाली सहाव्या इंचात, कडेच्या शिवणीजवळ, उलटच्या जागी पडलेला एक सुलट दिसतो. "राहू दे गं, कोण बघतंय शिवणीत?" असं काका म्हणतात. काकू सुई काढून घेतात आणि धागा ओढतात. पन्नास-साठ हजार टाक्यांच्या स्वेटरातले काही हजार बघता बघता जमिनीवर येतात आणि काकूंच्या चेहऱ्यावर दुःख म्हणाल तर औषधालाही नसतं. मग काकांचे दोन्ही हात पुढे धरायला लावून त्यांवर लोकरीची लड गुंडाळली जाते. नमस्कार करायला निघून अर्ध्यात विसरलेल्या माणसासारखे काका तासभर बसून राहतात. लड धुतली जाते, नागमोडी धागा सरळ व्हावा म्हणून खाली वजन बांधून टांगली जाते आणि पुन्हा गुंडा होतो. एकच निळी लोकर मी काकांचा पुलओव्हर, मुलाचा शाळेचा स्वेटर, बिनबाह्यांचं जाकीट आणि मफलर अशा चार अवतारांत बघितली आहे. पूर्ण झालेला स्वेटर म्हणजे काकूंच्या लेखी तात्पुरती अडकून पडलेली लोकर.

हा हात त्यांच्या आईचा. १९६२च्या युद्धात घरोघरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा त्यांची आईही विणत होती आणि छोट्या काकू लड धरून बसल्या होत्या. "आईने एकही उसवला नाही," असं त्या सांगतात. "तेव्हा वेळ नव्हता." काका एरवी इथे काहीतरी कोटी करतील असं वाटतं. पण ते गुपचूप हात पुढे करतात, लडीसाठी.

यंदा मात्र काकांनी बंड केलं. नातवाच्या मुंजीला पुण्याला जायचं, पहाटेची गाडी, म्हणून त्यांनी तिबेटी दुकानातून एक मरून स्वेटर घेतला आणि सरळ अंगात घालूनच घरी आले. काकूंनी ओळ संपवली. चष्मा वर करून जवळ आल्या, खालची कड उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. आम्ही सगळे "मशीनचा!" ऐकायला तयार होतो.

"कापून शिवलेला नाही," काकू म्हणाल्या. "साखळीची शिवण आहे. धागा सलग निघेल." मग कड दोन बोटांत चोळत जरा थांबल्या. "लोकर छान आहे हो. तुमचं पुण्याचं आटोपलं की द्या मला. दोन टोपडी नि एक अंगडं सहज होईल."

मुंज होऊन आता बरेच दिवस झाले. काका तो स्वेटर अंगातून काढत नाहीत. बाहेर चौतीस डिग्री आहे, आणि ते पंखा पाचवर करून बसले आहेत.