सदतिसात एक

ताईने शनिवारी सकाळी माझ्या ताब्यात तीन गोष्टी दिल्या: नववीतली मुलगी, नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणि कैरीच्या लोणच्याची पाच किलोची बरणी. आईने लोणचं घालणं सोडल्यापासून आमच्याकडची लोणच्याची वाहतूक उलटी, म्हणजे सासरहून माहेरी सुरू झाली आहे. मुलगी आणि बरणी पुण्याला आईकडे पोचवायची, आणि दादर ते पुणे या वेळात पुस्तकातला पहिलाच धडा, ‘गतीचे नियम’, मुलीकडून करून घ्यायचा. सोमवारी चाचणी होती.

‘‘तू बँकेत आहेस, तुला आकडे कळतात,’’ ताई म्हणाली. बँकेतल्या आकड्यांचा आणि न्यूटनचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. प्रत्येक क्रियेला प्रतिक्रिया असते हे खरं, पण मोठ्या बहिणीपुढे तो नियम आमच्या घरात लागू नाही.

जुलै महिना, धो धो पाऊस. बरणीच्या तोंडाला ताईने दादरा आवळून बांधला होता. तो दादरपर्यंत नीट राहिला, यात नावाचा काही गुण असावा. पुढच्या प्रवासाची हमी त्याने दिली नव्हती.

आमचं आरक्षण होतं. पण आरक्षण डब्याच्या आत असतं आणि आपण बाहेर. मी दारात बरणी छातीशी धरून उभा राहिलो, आतले लोक उतरायला लागले आणि बाहेरचे चढायला. पुढून जेवढा रेटा तेवढाच मागून. मी पुढेही जाईना, मागेही जाईना. भाची तेवढ्यात माझ्या कोपराखालून आत शिरून जागेवर बसलीसुद्धा. मी पोचलो तेव्हा शर्टाचं तिसरं बटण दादरच्या फलाटावर राहिलं होतं.

‘‘संतुलित बलं,’’ भाची म्हणाली. ‘‘दोन्हीकडून सारखी. एकूण बल शून्य, म्हणून तू हलत नव्हतास.’’

‘‘बल शून्य होतं, तर बटण कोणी तोडलं?’’

तिने पुस्तकात डोकं घातलं. संतुलित बलांनी वस्तूची गती बदलत नाही, पण आकार बदलू शकतो, असं निघालं. रबरी चेंडू दोन तळव्यांत दाबला तर तो जागचा हलत नाही, चपटा होतो. चेंडूला बटणं नसतात हा त्याचा फायदा.

मला या पुस्तकी शब्दांची पूर्वीपासून धास्ती आहे. ‘असंतुलित’, ‘प्रयुक्त’, ‘समानुपाती’, ‘संवेग’. शाळेत असताना मला वाटायचं की न्यूटनने हे संस्कृतात लिहिलं असावं आणि आमच्यासाठी कोणी भाषांतर करायला विसरलं असावं. (लिहिलं होतं लॅटिनमध्ये, 1687 साली. म्हणजे मी फार चुकलो नव्हतो.) भाचीला मात्र ही भाषा तोंडपाठ. ‘‘एक न्यूटन म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमानात एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण निर्माण करणारं बल,’’ तिने एका दमात म्हणून टाकलं, रामरक्षा म्हणावी तसं.

‘‘म्हणजे किती?’’ मी विचारलं.

ती गप्प. समोरच्या सीटवर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून तिच्या तळहातावर ठेवला. ‘‘शंभर ग्रॅमचा असेल. हातावर जेवढा भार पडतोय ना, तो साधारण एक न्यूटन. आता खा.’’ भाचीने एक न्यूटन खाल्ला.

कल्याण गेलं. पावसामुळे खिडक्या खाली ओढलेल्या होत्या आणि डब्यात एक माशी होती. ही बाई माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर तरंगत होती. गाडी ताशी ऐंशीने पळत असेल, म्हणजे नुसतं तरंगत राहायला माशीलाही ताशी ऐंशीने उडायला हवं. एवढी मेहनत करून माझ्या नाकासाठी थांबायचं, याचा मला जरा अभिमान वाटला. भाचीने तो टिकू दिला नाही. डब्यातली हवा डब्याच्याच वेगाने चालली आहे, माशी त्या हवेत आहे, तिला कसलेही जास्तीचे कष्ट नाहीत. गॅलिलिओने 1632 च्या त्याच्या पुस्तकात जहाजाच्या बंद खोलीत माश्या आणि फुलपाखरं सोडून हेच सांगितलं आहे: जहाज एकसारख्या वेगाने चाललं, तर आतल्या माशीकडे बघून ते उभं आहे की चालतंय हे सांगता येणार नाही. वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. वेतनवाढीचंही तसंच आहे, पण ते धड्यात नव्हतं.

कर्जत आलं. कर्जतला वडे घेतले नाहीत तर प्रवास झाला असं आमच्या घरात कोणी धरत नाही. मी चार वडे घेतले आणि जागेवर बसून विचार केला की वड्याबरोबर लोणच्याची एक फोड काय वाईट? इंजिनाकडे तोंड करून बसलो होतो, बरणी मांडीवर होती. दादरा सैल केला, दोन बोटं आत घातली.

त्याच क्षणी मागून धक्का बसला.

धक्का तसा मऊच होता. वडा हातात असता तर जाणवलाही नसता. पण लोणच्याचं तेल ही स्वतंत्र वृत्तीची वस्तू आहे. बरणीच्या मागच्या काठावरून ते उठलं आणि शर्टाच्या ज्या भागाला आता बटण नव्हतं, तिथून थेट आत गेलं.

‘‘अरे, हे अंगावर आलं कसं?’’ मी ओरडलो.

‘‘मामा, तेल तुझ्या अंगावर आलं नाही,’’ भाची शांतपणे म्हणाली. ‘‘तेल जागच्या जागीच होतं. जडत्व. गाडी पुढे सरकली, गाडीबरोबर सीट, सीटबरोबर तू. तूच तेलावर गेलास.’’

गेल्या दहा वर्षांत मला कोणी इतक्या कमी शब्दांत दोषी ठरवलेलं नाही. आणि माझ्या बाजूने एकही मुद्दा नव्हता.

‘‘बँकर लागले,’’ आजोबा पेपरातून म्हणाले.

मला वाटलं माझ्याबद्दलच बोलताहेत. पण बँकर म्हणजे गाडीच्या शेपटीला लावतात ती जादा इंजिनं. आजोबांची सारी नोकरी रेल्वेत, त्यातली बरीच वर्षं या घाटात गेलेली. पेपर घडी करून त्यांनी बाजूला ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की आता लोणावळ्यापर्यंत सुटका नाही.

‘‘बोरघाट 1863 साली रेल्वेला खुला झाला. सगळ्यात तीव्र चढ सदतिसात एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. ऐकायला काही वाटत नाही, हो ना? तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार याहून जास्त असेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर ठेवल्यावर सदतिसात एक म्हणजे भिंत. हजार टनांची गाडी धरा. हजाराला सदतिसाने भागा.’’

भाचीने वहीच्या मागच्या पानावर भागलं. ‘‘सत्तावीस.’’

‘‘सत्तावीस टनांच्या वजनाएवढं बल गाडीला सारखं मागे ओढत असतं. ही गाडी नुसती जागेवर धरून ठेवायलासुद्धा तेवढा जोर हवा. शिवाय वळणं, शिवाय घर्षण. पुढच्या एकट्या इंजिनाने ओढायचं म्हटलं तर सगळा ताण पहिल्या कपलिंगवर. म्हणून मागून रेटायचं. आणि मधे कुठे कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे कर्जतला परत पळत नाहीत, मागे इंजिन असतं.’’

भाचीने मग माझा हिशेब केला. माझं वस्तुमान चौऱ्याऐंशी किलो. (मी ‘वजन’ म्हटलं होतं. तिने दुरुस्त केलं: वजन न्यूटनमध्ये, सुमारे 823. आकडा ऐकून मी दुसरा वडा खाली ठेवला.) चौऱ्याऐंशीला सदतिसाने भागलं. ‘‘मामा, तुला घाट चढवायला इंजिनाला सव्वादोन किलो उचलण्याइतकाच जोर लागतो.’’ भाजीच्या पिशवीइतका! बरणीचा वाटा तर सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या मधे कुठेतरी. मी दुसरा वडा पुन्हा उचलला.

गाडी हलली. बाहेर पाऊस एवढा की डोंगर नुसता ऐकू येत होता.

‘‘ओले रूळ,’’ आजोबा म्हणाले. ‘‘चाक जागच्या जागी फिरायला लागलं की संपलं. त्यासाठी इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाकासमोर रुळावर वाळू सोडायची.’’

‘‘घर्षण वाढवायला!’’ भाची म्हणाली. ‘‘म्हणजे चाक रुळाला मागे ढकलतं, आणि तिसऱ्या नियमाने रूळ चाकाला पुढे ढकलतो. घर्षण नसेल तर ढकलणार कसा? म्हणजे आजोबा, खरं तर गाडीला पुढे रूळ ढकलतो.’’

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. सारी हयात आपण इंजिन गाडी ओढतं असं धरून चाललो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसलं. ‘‘बरोबर आहे,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘मग पगार रुळाला द्यायला हवा होता.’’

यापुढे मी धडा घेत होतो की भाची, हा प्रश्न उरला नाही. तिने कंपासपेटीतून पट्टी काढली, ताईने बटणासाठी म्हणून दिलेल्या सुई-दोऱ्यातला दोरा काढला (बटण होतं तेव्हा दोरा आठवला नाही, दोरा निघाला तेव्हा बटण नव्हतं), त्याला माझ्या बॅगेची किल्ली बांधली आणि दोरा खिडकीशेजारच्या खुंटीला लटकवला. कर्जतला गाडी उभी असताना किल्ली खिडकीच्या उभ्या चौकटीला समांतर लटकली असती. आता ती मागच्या बाजूला झुकलेली होती. अगदी किंचित, पण झुकलेली.

‘‘दोरा सदतीस सेंटिमीटर ठेवला आहे,’’ ती म्हणाली.

‘‘सदतीसच का?’’

‘‘बघच.’’

किल्ली हिंदकळत होती. तिने पट्टी आडवी धरून ती जरा स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. बोगदा आला, गेला. मग म्हणाली, ‘‘एक सेंटिमीटर.’’ मी वाकून पाहिलं. शून्यापासून किल्ली बरोबर एकच्या रेघेपाशी डुलत होती, कधी नऊ मिलिमीटर, कधी अकरा. सदतीस सेंटिमीटर दोरा, एक सेंटिमीटर सरक. दोरा सरळच लटकत होता, ओळंब्यासारखा. तिरका झाला होता तो डबा, डब्यातली खिडकी, आजोबा आणि मी. साऱ्या घाटाचा चढ त्या किल्लीने एका शाळेच्या पट्टीवर आणून ठेवला होता, आणि मी आयुष्यात निदान शंभर वेळा हा घाट चढलो असूनही कधी किल्ली लटकवली नव्हती.

‘‘पण एक अडचण आहे,’’ भाची स्वतःशीच म्हणाली. ‘‘गाडी सपाटीवर असेल आणि तिचा वेग वाढत असेल, तरी किल्ली अशीच मागे जाणार.’’ तिने हिशेब घातला. नऊ पूर्णांक आठला सदतिसाने भागलं: 0.26 मीटर प्रति सेकंद वर्ग. उभी गाडी या त्वरणाने सपाटीवर सुटली, तर अर्ध्या मिनिटात ताशी अठ्ठावीस किलोमीटरवर पोचेल, आणि तेवढा वेळ किल्ली एक सेंटिमीटरच मागे राहील. नुसत्या किल्लीकडे बघून चढ कोणता आणि त्वरण कोणतं, हे ओळखता येत नाही. ‘‘मग आपण चढतोय हे कशावरून?’’

‘‘कान दुखतात त्यावरून,’’ आजोबा म्हणाले.

तेवढ्यात चहावाला आला. बूट, बादलीएवढी किटली, एक हात मोकळा, आणि हलत्या डब्यात कुठेही न टेकता चालणं. हा माणूस चाचणीला बसला तर पैकीच्या पैकी. मी कागदी पेला काठोकाठ भरून घेतला (पैसे दिले आहेत तर) आणि खिडकीच्या कडेवर ठेवला. चहा लगेच माझ्या बाजूच्या काठावरून खाली यायला लागला. चहावाल्याची चूक नव्हती, त्याने पेला पेल्याच्या मानाने भरला होता. चहाचा पृष्ठभाग क्षितिजाशी समांतर राहतो, पेला डब्याबरोबर तिरका होतो. पेल्याचं तोंड सहा सेंटिमीटर रुंद असेल, तर सदतिसात एकच्या चढावर दोन काठांत दीड मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. तो फरक माझ्या पँटवर पडला. लोणच्याचं तेल वर, चहा खाली.

लोणावळ्याला मागची इंजिनं सुटली. या वेळी बरणी मी दोन्ही हातांनी धरली होती, दादरा आवळून, आणि काहीही झालं नाही.

भाचीला चाचणीत वीसपैकी अठरा मिळाले. दोन गेले ते एककं लिहायला विसरली म्हणून. शर्टाचा डाग दोन धुण्यांनंतरही आहे तिथेच आहे. त्याच्यावर कोणतंही असंतुलित बल चालत नाही, असं धोबी म्हणतो, वेगळ्या शब्दांत.

तुम्ही पुण्याच्या गाडीने घाट चढणार असाल, तर जवळ सदतीस सेंटिमीटर दोरा आणि एक किल्ली ठेवा. खिडकीची जागा नसेल तरी चालेल, खुंटी हवी. चहा घ्यायचाच असेल तर पेला दोन मिलिमीटर रिकामा ठेवायला सांगा. आणि बरणी उघडायची ती कर्जतच्या आधी, नाहीतर लोणावळ्यानंतर.