सातबारा, मु. पो. रेडिंग

इंग्लंडात घर घ्यायचं म्हटलं की आधी एक शब्द शिकावा लागतो : कन्व्हेयन्सिंग, म्हणजे घर कायद्याने नावावर करून घेणं. तो नीट उच्चारता यायला मला पंधरा दिवस लागले, आणि तो प्रकार संपायला चार महिने. आपल्याकडे वकील म्हटलं की काळा कोट आणि पुढची तारीख. इथला घरखरेदीचा सॉलिसिटर कोर्टाची पायरीही चढत नाही. तो कागद वाचतो आणि कागदातून प्रश्न काढतो. प्रश्न समोरच्या सॉलिसिटरकडे जातो, तो विकणाऱ्याला विचारतो आणि उत्तर त्याच बैलगाडीतून, त्याच चाकोरीने परत येतं.

हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या घराच्या वेळी मी सॉलिसिटर भाजी घ्यावी तसा घेतला. भाव विचारून. इस्टेट एजंटने एक स्वस्त कंपनी सुचवली. अशा सुचवण्याबद्दल एजंटला पैसे मिळतात, हे ज्ञान नंतरचं. कंपनीत फोन केला की एक गोड आवाज सांगे, ‘तुमची फाइल ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.’ फाइल तिघांच्या हातातून गेली आणि तिघेही ओळीने रजेवर गेले. माझे वडील, अप्पा, चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याही खात्यावर एवढी रजा मी कधी पाहिली नाही.

इथली गंमत अशी की घराचा भाव ठरला, हात मिळवले, बायकोने पडद्याचं माप घेतलं, तरी कायद्याने काहीच झालेलं नसतं. दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची ‘एक्स्चेंज’ होईपर्यंत कोणीही उठून जाऊ शकतं. सातव्या आठवड्यात आठ हजार पौंड जास्त देणारा कोणी भेटला आणि आमचे घरमालक उठून गेले. याला ‘गझम्पिंग’ म्हणतात. शब्द ऐकूनच टाळक्यात काहीतरी पडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या वेळी महाराष्ट्र मंडळातल्या एका कोल्हापूरकराने कानमंत्र दिला. ‘फी नंतर विचार. आधी फोन लाव आणि कोण उचलतंय बघ.’ लावला. सॉलिसिटरबाईंनी स्वतः उचलला. ऑफिस एका सलूनच्या वरच्या मजल्यावर, खाली हेअर ड्रायर चालू झाला की बाई वाक्य अर्ध्यावर थांबवत आणि तो बंद झाला की त्याच शब्दापासून पुढे चालू करत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘घरासाठी आणखी कोणी पैसे देतंय का?’ मी अभिमानाने सांगितलं, ‘वडील.’ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिथून पुढचे सहा आठवडे त्या चष्म्याचे.

काळा पैसा घरात मुरवला जाऊ नये म्हणून इथे सॉलिसिटरला प्रत्येक रकमेचं मूळ शोधावं लागतं. पैसा आला कुठून, आणि जिथून आला तिथे तो आला कुठून. शिवाय वडिलांनी लेखी द्यायचं की ही भेट आहे, कर्ज नाही, आणि घरावर त्यांचा काडीचा हक्क नाही. मी साताऱ्याला फोन केला.

‘परत मागणार नाही असं लिहून देऊ?’ अप्पा म्हणाले. ‘अरे, तुला दिलेलं आजवर कधी परत आलंय का?’

पण मास्तरच ते. पत्र आलं ते समास सोडून, अक्षर मोत्यासारखं, शेवटी ‘अनेक आशीर्वाद’. बाईंनी भाषांतरात तो शब्द पाहून विचारलं, याला काही आर्थिक मूल्य आहे का?

मग बँकेचं स्टेटमेंट. त्यात दिसली जमीन विकल्याची रक्कम. म्हणून खरेदीखत. जमीन वडिलांकडे कशी आली? वारसाने. म्हणून फेरफार आणि सातबारा. आजोबांच्या वीस गुंठ्यांचा उतारा, पीकपाहणीत ‘ज्वारी’ लिहिलेला, शिक्क्याच्या भाषांतरासह रेडिंगमधल्या त्या सलूनवरच्या फाइलमध्ये जाऊन बसला. तलाठ्याने इतक्या बारकाईने तो कधी वाचला नसेल. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, ही मर्यादा ऐकून मात्र अप्पांना इतकं हसू आलं की त्यांनी फोन आईकडे दिला.

त्यानंतर ‘सर्च’, म्हणजे घराबद्दलची चौकशी. एक नगरपालिकेचा, एक गटारांचा, एक जमिनीखालचा आणि एक चक्क चर्चचा. इथल्या काही जमिनींवर जुनं बंधन आहे, गावच्या चर्चचा गाभारा मालकाने दुरुस्त करून द्यायचा. मला ही दंतकथा वाटली. बाईंनी थंडपणे ॲस्टन कँटलोचं प्रकरण ऐकवलं. वॉरिकशायरमधलं एक जोडपं २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरलं आणि दुरुस्तीपोटी त्यांच्यावर जवळजवळ १ लाख ८७ हजार पौंड बसले. अप्पांचं मत, ‘देवाची वर्गणी आहे, घासाघीस करू नये.’ आम्ही काही पौंडांचा विमा घेतला.

जमिनीखालच्या अहवालात निघालं की रेडिंगच्या काही भागांत पूर्वी खडू खणून काढल्यामुळे पोकळ्या आहेत. आमचं घर त्यापासून लांब होतं, तरी मला झोप येईना.

‘चाळीस वर्षं आपलं घर खडूवरच उभं होतं,’ अप्पा म्हणाले. ‘पडलं का?’

१९३० च्या दशकातल्या मूळ दस्तात डुकरं पाळायला, दारू विकायला आणि घरातून धंदा करायला मनाई होती. बाईंनी तिन्ही प्रश्न एकाच सुरात विचारले. डुकरांना आणि दारूला आम्ही ठामपणे नाही म्हणालो. धंद्यापाशी ही अडखळली, कारण दिवाळीत ती फराळाच्या ऑर्डरी घेते. शेवटी म्हणाली, ‘नफा होत नाही, मग धंदा कसा म्हणायचा?’ बाईंनी हे लिहून घेतलं.

शेवटचा वाद बल्बचा. घरात काय राहणार आणि काय जाणार याचा इथे फॉर्म असतो, पडद्याच्या दांडीपासून कुंडीपर्यंत. विकणारा झुंबर नेणार होता. बाईंनी त्याच्या सॉलिसिटरला पत्र लिहिलं की झुंबर न्या, पण फॉर्मनुसार तिथे वायर, होल्डर आणि बल्ब लावून जा. एका बल्बसाठी पत्र! मी मनात त्या पत्राचे पैसे मोजले.

डिसेंबरातल्या शुक्रवारी व्यवहार पुरा झाला. आमचे पैसे पलीकडे पोचल्याचा निरोप साडेतीनला आला, एजंटकडून किल्ली घेऊन दार उघडेपर्यंत मिट्ट काळोख. दिवाणखान्यातलं झुंबर गेलं होतं, पडदे गेले होते, जिन्यातले तर बल्बही काढून नेले होते. भिंत चाचपत हिने बटण दाबलं आणि झुंबराच्या जागी लोंबणारा एकुलता एक बल्ब लागला.

बाईंची फी त्या स्वस्त कंपनीपेक्षा साडेचारशे पौंडांनी जास्त होती. त्याच उजेडात मी बिल वाचलं. बल्बच्या पत्राचे त्यांनी पैसे लावले नव्हते.